पुळण आणि वाळवंट

रतन हर्णैची. गेणबा मीठखात्यात शिपाई म्हणून त्या बंदरावर होता, तेव्हा त्यांचं लग्न झालं. बत्तीस साली नोकरी सोडून तो तिला इंदापूरकडं, भीमाकाठच्या आपल्या गावी घेऊन आला.

पहिल्याच दिवशी नदीची वाळू बघून ती म्हणाली, "केवढी ही पुळण!"

सासू कुशाबाई हसली. "पुळण कसली बाई? वाळवंट म्हणत्यात ह्याला."

तेव्हापासून दोघींची रोज जुंपायची. रतनच्या मते ही वाळू शिळी. तिच्या माहेरची पुळण भरतीनं दिवसातून दोनदा धुऊन निघायची, कालचं आज उरायचं नाही. इथं एकदा उमटलेलं पाऊल दिवसचे दिवस तसंच. "त्या खाऱ्या वाळूत कलिंगडाचा येक येल तरी लावून दाव," कुशाबाई म्हणायची.

कार्तिकात पैलतीराहून पोहत येताना गेणबा धारेला लागला आणि गेला. गावची माणसं काठाकाठानं खाली शोधायला निघाली. रतन त्यांच्या आडवी उभी राहिली.

"कुठं जाऊ नका. पाणी जिथून नेतं तिथंच आणून टाकतं, तिसऱ्या दिवशी. आमच्याकडं माणसं अशीच परत आलीत."

कुशाबाईनं त्यातला 'परत' एवढाच शब्द ऐकला. आईचं मन, तिनंही मान डोलावली. मग कोण काय बोलणार? सगळे वाळूत बसून राहिले. चौथ्या दिवशी नरसिंगपूरहून निरोप आला, की देह दुसऱ्याच दिवशी संगमाला लागला होता. कुणी आलं नाही म्हणून तिथल्या लोकांनी अग्नी दिला.

समुद्र परत आणतो, नदी पुढं नेते. एवढी साधी गोष्ट. ती आधी न कळल्याचा रतनला स्वतःचाच संताप यायचा.

पौषात एका सकाळी वाळूत ओली पावलं दिसली. पाण्यातून वर आलेली. परत गेलेली नव्हती. कलिंगडाचे वेल राखायला दोघी वाळूत राहायच्या, त्या खोपीपासून पन्नास हातांवर ती थांबली होती. दुसऱ्या दिवशी चाळीसांवर. भरती तर इथं येणार नव्हती, म्हणून रतननं खराटा घेतला. पण खराट्याच्या रेघांनी ती जागा उलट जास्तच डोळ्यांत भरायची. आठवड्याभरात पावलं खोपीच्या दाराशी आली.

कुशाबाई वाकून बघत राहिली. "उजवा अंगठा भायेर वळलाय. गेणबाच हाय."

"मला भीती वाटते, आत्याबाई."

"मला न्हाय वाटत. त्यो इचारतुया, कुणीच का आलं न्हाय म्हणून. चूक माझी बी हाय, पर माझं पाय आता चालत न्हाईत. तू जा."

रतन पहाटे निघाली, दुपारी संगमाच्या वाळवंटात पोचली. तिथं तानूबाई नावाची म्हातारी आपली कलिंगडं राखत बसली होती. रतननं तिला कार्तिकातल्या त्या माणसाचं विचारलं.

"व्हय, हितंच लागला," तानूबाई म्हणाली. "दीड दिस सावलीला ठिवला. पोरं म्हणाली, आवरा आता. मीच म्हणत व्हते, थांबा, येवढं तरणं मानूस, घरची हुडकत येतीलच. पर कुणी फिरकलं न्हाय. तू कोन त्याची?"

रतननं डोक्यावरचा पदर सारखा केला. बायको, एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगितलं की म्हातारी पुढं काय विचारणार, ते तिला ठाऊक होतं. तिला लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"त्याच्या गावची," ती म्हणाली.

"मग त्याच्या बायकूला सांग," तानूबाई म्हणाली, "शेवटपातुर त्याचं तोंड आमी झाकलं न्हवतं. येनाऱ्याला वळखू यावं म्हणून."

"सांगते," रतन म्हणाली.