पावणेदोनपट

ताईचा उभा जन्म मुद्रितं तपासण्यात गेला. प्रकाशकाकडून गठ्ठे यायचे आणि ती खिडकीजवळच्या टेबलाशी बसून लोकांच्या पुस्तकांतल्या चुका वेचायची. ठमी ही तिची धाकटी बहीण, चांगली चौदा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, तेव्हा ठमीची वेणीफणी, अभ्यास, आजारपणं सगळं ताईनेच निभावलं. ठमी मोठी होऊन वेबसाइटची पानं रचायला लागली, तेव्हा ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमचं घराणंच ओळींचं. मी ओळीतला केर काढते, ही ओळींना हवा घालते."

त्यात थट्टा होती, पण ती खोटी नव्हती. दोन ओळींत किती जागा सोडायची, ह्यावर ठमी ऑफिसात हमरीतुमरीवर यायची. साहेबांना ओळी दाटीवाटीने हव्या असायच्या, म्हणजे पान लवकर संपतं. ठमी म्हणायची, "साहेब, आपल्या लिपीला डोक्यावर वेलांट्या आहेत आणि पायाशी उकार. इतकं दाबलंत तर वरच्याचा पाय खालच्याच्या डोक्यात जाईल." ओळीची उंची अक्षराच्या पावणेदोनपट, आणि मथळ्याखालची, परिच्छेदामधली जागाही त्याच मापाच्या पटीत. असं केलं की वाचणाऱ्याला चाल सापडते आणि नजर न अडखळता खाली उतरत जाते, असा तिचा हिशेब होता.

मग ताईला अर्धांगाचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, डावा हातही हळूहळू वळायला लागला; पण डावी बाजूच तिच्या लेखी नाहीशी झाली. ताटातलं उजवीकडचं संपवून ती "झालं माझं" म्हणायची. ठमीने ताट फिरवलं की चकित व्हायची, "अगं, हे कुठून आलं?" पहिल्यांदा दोघी हसल्या. नंतर ठमी न बोलता ताट फिरवायला लागली.

"डोळे ठणठणीत आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डावीकडे काही आहे, हेच मेंदूच्या ध्यानात येत नाही. थोडंफार सुधारेल. किती, ते नाही सांगता यायचं."

वाचन तिथेच अडलं. ताईची नजर ओळीच्या शेवटापर्यंत जाई, पण पुढची ओळ सुरू होते डावीकडून. परत येताना नजर मध्येच कुठेतरी उतरायची आणि अर्ध्या ओळीपासून वाक्य सुरू व्हायचं. "तोंडात शब्दांचा भुगा होतो गं," ताई म्हणाली आणि पुस्तक मिटून उशाशी ठेवलं.

ठमीने कंबर कसली. तिने ताईसाठी टॅबलेटवर एक पान रचलं. ओळी आखूड केल्या, डाव्या कडेला जाड तांबडी रेघ ओढली, ओळीची उंची पावणेदोनपटीवरून दुपटीवर नेली, मग त्याहून जास्त. ताईनेच पूर्वी तपासलेल्या गोष्टी ती रोज एकेक करून त्या पानावर चढवायची आणि कामावरून आल्या-आल्या विचारायची, "आज जमलं?"

आधी ताई नकारार्थी मान हलवायची. मग एका संध्याकाळी म्हणाली, "आज जमलं बाई. अंतर अगदी बेतशीर आहे." ठमीचा हर्ष मनात मावेना. त्यानंतर ताई रोज वाचलेल्या गोष्टीवर बोलायची, कोण कसं वागलं, लेखकाने कुठे माती खाल्ली. ठमी ऑफिसात सांगत सुटली, "बघा, नुसत्या अंतराने माणूस वाचायला लागतं!" साहेबांनीही नव्या कामात पावणेदोनपट मुकाट्याने मान्य केली.

एका सकाळी ठमीने पानाचं माप पुन्हा थोडं बदललं. परिच्छेदांची लय बघायला तिने नमुन्याचा मजकूर घातला होता. "खोलीत खुर्ची आहे. खुर्चीवर ऊन आहे. ऊन हळूहळू सरकतं आहे." हीच तीन वाक्यं पानभर, पुन्हा पुन्हा. वर मधोमध त्या दिवशीच्या गोष्टीचा मथळा, 'कुलूपवाला'. निघायच्या घाईत खरी गोष्ट चढवायची राहून गेली.

संध्याकाळी ताई म्हणाली, "म्हातारा शेवटी किल्ली नदीत टाकतो, ते काय लिहिलंय! आज पुन्हा डोळ्यांत पाणी आलं."

ठमीने टॅबलेट उचलला. खोलीत खुर्ची आहे. खुर्चीवर ऊन आहे. ती वाचत राहिली, जणू खाली कुठेतरी म्हातारा सापडेल.

"काय झालं गं?" ताईने विचारलं. मग तिला ठमीचा चेहरा दिसला आणि ती समजली. "गोष्ट नव्हती का आज?"

"नव्हती." ठमीने टॅबलेट खाली ठेवला. "कधीपासून, ताई?"

"पहिल्यापासूनच. मथळा तेवढा लागतो. बाकीचं मला पाठच आहे, तपासलंय ना सगळं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"रोज दारातून आत येताना तुझं तोंड कसं असायचं, ते तुला नाही दिसायचं. तू जागा वाढवलीस ना, ठमे, मला खालची ओळ आणखी लांब गेली. हे तुला सांगायला जीभ रेटेना."

ठमी ताईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. ताई उजव्या हाताने तिचे केस मागे सारत राहिली. "तुझ्या मापात खोट नाही," ती म्हणाली. "ज्यांना वाचता येतं, त्यांच्यासाठी ते बरोबरच आहे."

"मी वाचून दाखवेन तुला. रोज."

"नको. कुणी वाचून दाखवलेलं मला कधीच मानवलं नाही. ते पान पुसून टाक आता."

ठमीने तिच्यासमोरच ते पुसून टाकलं. रेघ, मापं, चढवलेल्या गोष्टी, सगळंच. पडद्यावर काही उरलं नाही, तशी ताईने कपाटाकडे बोट केलं. "कुलूपवाल्याचं पुस्तक काढ. इथे उजवीकडे बस माझ्या. आणि मनातल्या मनात वाच, मोठ्याने नको."

"आणि तू?"

"मी तुझ्याकडे बघते."

ठमी वाचायला लागली. अक्षरं भिजल्यासारखी दिसत होती, पण तिने नेटाने पान उलटलं. ताई तिच्या चेहऱ्यावरची नजर हलवत नव्हती. चौथ्या पानावर ठमीच्या ओठांचा कोपरा किंचित हलला.

"गिऱ्हाईक स्वतःलाच कोंडून घेतं, तिथे आलीस," ताई म्हणाली.

"हो."

"मग थांबलीस का? चल पुढे."