घड्याळजींच्या गोळ्यांचा कागद

मी औषधाच्या खोक्यातला कागद बोलतोय. हो, तोच, मुंगीएवढ्या अक्षरांचा आणि दहा घड्यांचा. गोळ्या काढल्या की आमची रवानगी सहसा थेट कचऱ्यात होते.

माझं नशीब जरा बरं. घड्याळजींना ब्लडप्रेशरची गोळी नव्यानेच सुरू झाली होती. त्यांनी मला उलगडलं, बोटांनी चाचपलं. मला वाटलं, आता वाचणार. ते म्हणाले, "कागद छान आहे." आणि दुकानातल्या टेबलावर मला पसरून माझ्यावर घड्याळाचे बारीक स्क्रू मांडले.

पंधरा दिवसांत त्यांना खोकला लागला. कोरडा, सारखा ठसका. हात हलायचा, स्क्रू उडायचे. बायको जेवणाचा डबा घेऊन आली की म्हणायची, "अहो, किती खोकताय. दाखवा की कुणाला तरी."

"अगं, धूळ आहे. चाळीस वर्षं खाल्ली, आता बाहेर येतेय."

मध झाला, खोकल्याची बाटली झाली, तोंडाला रुमाल झाला. खोकला ढिम्म हलेना. शेवटी एका दुपारी ते बायकोला म्हणाले, "महिनाअखेर दुकान बंद करतो. लोकांच्या घड्याळांची वाट लावायला नको." मला फार वाईट वाटलं. उत्तर माझ्या पोटात होतं, पण मला तोंड नव्हतं.

बोलता बोलता पुन्हा ठसका लागला आणि स्क्रू उडाला. डोळ्याला भिंग लावून ते माझ्यावर ओळीओळीने शोधू लागले. स्क्रू सापडला 'दुष्परिणाम' या शब्दाजवळ. खाली लिहिलं होतं, कोरडा, न थांबणारा खोकला.

त्यांनी खिशातली गोळ्यांची पट्टी काढून नाव ताडून पाहिलं. "घ्या, काखेत कळसा आणि गावाला वळसा. आजपासून गोळी बंद."

बायकोने भिंग घेतलं आणि पुढची ओळ वाचली. "थांबा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये, असंही लिहिलंय."

मला घेऊनच दोघं गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरं झालं आणलात. हे मीच आधी सांगायला हवं होतं." त्यांनी गोळी बदलून दिली. तीन आठवड्यांत खोकला गेला, दुकान राहिलं.

नव्या खोक्यातला कागद घड्याळजींनी भिंग लावून अथपासून इतिपर्यंत वाचला, मगच गोळी घेतली. तुम्हीही तुमच्या कागदाला एकदा उलगडा. अक्षर दिसत नसेल तर घरातले तरुण डोळे उसने घ्या, आणि शंका आली तर आधी डॉक्टरांना विचारा.

माझी गोळी त्या घरातून गेली. मी अजून टेबलावरच आहे, तेलाच्या डागांसकट. माझ्यावर स्क्रू मांडले जातातच. फक्त खोकल्याच्या ओळीवर घड्याळजी काही ठेवत नाहीत.