ब्रिनेथच्या फलाटावरचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. वेल्सच्या डोंगरातलं ब्रिनेथ स्टेशन कधीच बंद पडलं, मी मात्र फलाटावर राहिलो. माझा स्वभाव रागीट आहे आणि हा राग मी चाळीस वर्षं जपला.

ओकच्या जाड फळ्यांचा मी. स्टेशनमास्तर मेउरिग दर वर्षी मला हिरवा रंग द्यायचे. त्यांची मुलगी ग्वेन सकाळच्या गाडीने शहरातल्या शाळेत जायची. तिला डॉक्टर व्हायचं होतं. गाडी येईपर्यंत ती माझ्यावर बसून मोठ्याने धडे पाठ करायची.

एका जुलैत रेल्वेच्या कचेरीतून हारकोर्ट नावाचा तरुण साहेब आला. गाडी चालू ठेवायची की बंद करायची हे ठरवायला, गाडीत किती माणसं चढतात ते त्याला मोजायचं होतं. नेमका मेंढ्यांची लोकर कातरायचा दिवस. त्या दिवशी सगळं गाव एकाच शेतावर राबतं, पोरंसुद्धा शाळा बुडवतात. ग्वेनही तिकडेच होती. दिवसभरात दोन माणसं चढली. साहेब माझ्यावर पाय पसरून बसला होता. मेउरिगनी विनवलं, "साहेब, सोमवारी या. बाजार असतो, उभं राहायला जागा मिळत नाही."

"मला आजचं काम दिलंय," तो म्हणाला.

हिवाळ्यात गाडी बंद झाली, ग्वेनची शाळाही सुटली. पुढे आयुष्यभर तिने परक्या म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलली. माझा रंग उडाला, डावा पाय कुजला, मागे अंगाची आग करणारी झुडपं माजली. मी एकाच माणसाची वाट पाहत होतो.

गेल्या उन्हाळ्यात जुनी स्टेशनं बघत हिंडणारी मंडळी आली. जागा दाखवायला शेजारी राहणारी ग्वेनच होती. बाकाचा पाय गेलाय, बसू नका, असं तिने सगळ्यांना बजावलं. तेवढ्यात मागून एक म्हातारा काठी टेकत, धापा टाकत आला.

"हे स्टेशन मीच मोजलं होतं," तो कौतुकाने म्हणाला. "दिवसभरात दोन माणसं. बंद करण्यासारखंच होतं."

ग्वेन त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने रुमालाने माझी फळी पुसली.

"दमलात, साहेब. बसा ना."

तो बसला. मी पायातला उरलासुरला जोर सोडून दिला. साहेब थेट झुडपांत उताणा पडला आणि ओरडायला लागला. ग्वेनने त्याला हात दिला, पण सावकाश.

माझे तुकडे आता तिच्या शेगडीशेजारी पडले आहेत. मला वाईट वाटत नाही. जुन्या वस्तूंची काळजी घ्या, मित्रांनो. आम्हाला बोलता येत नाही, चालता येत नाही. पण कुणाखाली मोडायचं, ते आम्ही ठरवतो.