पोह्यांना एकच तारा

सगळा घोळ झाला तो हात वर केल्यामुळे.

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला इंग्रजी शिकवणाऱ्या मधुरा मॅडमनी किती प्रेमाने विचारलं होतं, "इंटरनेटवर तुम्हांला इंग्रजीत काय वाचायला आवडतं? तेच आपण वर्गात वाचू." पुढच्या बाकावरचा सत्यजित ऐटीत म्हणाला, "मॅडम, पेपरातले अग्रलेख!" झालं! आपण कशाला मागे राहायचं, म्हणून भराभर सगळ्यांचे हात वर. रसिकाचासुद्धा.

तेव्हापासून रोज अग्रलेख. व्याजदर, समुद्री करार, असलं काहीबाही. मोबाइलवर ते पान उघडलं की रसिकाला जांभई यायची आणि वर्गात त्यावर बोलायची पाळी आली की ती पुढच्याच्या पाठीआड लपायची! शाळा सगळी हिंदी मीडियमची. या वर्गात एकदा, फक्त एकदा, इंग्रजीत धड बोलून दाखवायचं, एवढंच तिने मनाशी धरलं होतं. आजवर दोनदा उभी राहिली आणि दोन्ही वेळा 'सॉरी मॅडम' म्हणून खाली बसली.

"आज नाही बोललीस ना, तर तुझं नावच सॉरी मॅडम ठेवीन," शेजारची जुई कुजबुजली.

"टेन्शन नको ना देऊ, यार!"

तेवढ्यात नाव पुकारलं. रसिका उभी राहिली. व्याजदर... पुढे काही सुचेना. मागून खसखस पिकली.

मॅडमनी चष्मा काढला. "अग्रलेख राहू दे. काल स्वतःहून काय वाचलंस? खरं सांग."

"मॅडम... पोहे."

वर्गात हशा!

"म्हणजे रिव्ह्यू, मॅडम! शिवाजी नगरला आमच्या क्वार्टरजवळ पोह्यांचं दुकान आहे, तिथे बाहेरगावचे लोक येऊन काय काय लिहितात..."

"इन इंग्लिश, रसिका."

कुणा पाहुण्याने त्या पोह्यांना पाचातला एकच तारा दिला होता. का, तर सोबत जिलेबी देतात! आणि इथे तर जिलेबीशिवाय पोहे कुणी खातच नाही. तो राग रसिकाच्या मनात कालपासून धुमसत होता. "ही इज राँग, मॅडम!" ती ओरडलीच. आणि मग जी सुटली! पोह्यांवरची शेव, बडीशेप, पिळलेलं लिंबू, मध्येच गरम जिलेबीचा एक घास. वरून भुरभुरायच्या जीरावण मसाल्याला इंग्रजीत काय म्हणतात ते येईना, तर तिने सरळ जीरावणच म्हटलं. दम लागून थांबली, तेव्हा सगळे वळून तिच्याकडेच बघत होते.

"मॅडम," सत्यजित हळूच म्हणाला, "मी क्रिकेटची कॉमेंट्री वाचतो."

"आणि अग्रलेख?"

"ते पप्पा वाचतात."

"मी हिरोइनींच्या लग्नाच्या बातम्या!" जुईनेही सांगून टाकलं.

"अरे, आणि मी तुमच्यासाठी पहाटे उठून अग्रलेख शोधत बसायचे!" मॅडमनी कपाळावर हात मारला आणि त्याच सगळ्यांत जास्त हसल्या. "उद्यापासून ज्याचं वाचन त्याने आणायचं. आणि रसिका, त्या माणसाला उत्तर लिही."

तिने घरी पोचताच लिहिलं. चुका तपासायच्या आधी पाठवूनही टाकलं.

सकाळी पाहते तर काय, तिच्या उत्तराखाली तीन अनोळखी माणसं तिच्याशी भांडत होती. इंग्रजीत!

त्या दिवशी मॅडमनी नाव घ्यायच्या आधीच रसिका उभी होती. हातात मोबाइल, गाल लाल. "मॅडम, मी फर्स्ट! मला तिघांना उत्तरं द्यायचीत!"