छताच्या कडेची फट

जावाजावांचा उभा दावा, असं लोक म्हणतात. आमच्या घरात दावा होता तो फक्त छताशी. दीर गेल्यापासून माझी धाकटी जाऊ वरच्या मजल्यावर शिवणकाम करते, आणि खाली माझे हे रात्रपाळी करून दिवसा झोपतात. मध्ये जुन्या तुळया आणि फळ्या. वर मशीन सुरू झालं की खाली कपबशा थरथरायच्या. यांनी कधी तक्रार केली नाही. कानात कापूस घालून पडून राहायचे, डोळे टक्क उघडे.

अशात धाकटीला पडद्यांचं मोठं काम मिळालं.

"ताई, मी बाजारामागे खोली बघितलीय," ती म्हणाली. "मोठ्या भाऊजींची झोप मोडून मला घास गोड लागायचा नाही."

"गप बस. घर दुरुस्तीला काढलंच आहे, आधी छत करू. नाहीच जमलं तर जा."

ती गेली असती तर घर मला खायला उठलं असतं, पण हे तोंडावर कोण बोलणार?

सुताराने जुनं छत उतरवलं, तुळयांमध्ये लोकरीच्या जाड गाद्या भरल्या आणि रबर लावलेल्या हुकांवर नवं छत टांगलं. भिंतीलगत चहूकडे बोटभर फट ठेवली. "उद्या येऊन मऊ पेस्ट भरतो," असं यांना सांगून तो गेला. मी तेव्हा बाजारात होते.

पण आमच्या ह्यांना फट बघवते होय? रुमालाची घडीसुद्धा काटकोनात घालणारा माणूस. मी परत येईपर्यंत शिडीवर चढून सगळी फट पुट्टीने भरून टाकली होती. वर म्हणतात, "उद्या मऊ पेस्ट भरायला येणार होता, त्याचा एक फेरा वाचवला."

पुट्टी वाळल्यावर धाकटीने मशीन लावलं. कपबशा नाचल्या. मशीन लगेच थांबलं, आणि थोड्या वेळाने वर खोकी ओढल्याचा आवाज यायला लागला. ती जायच्या तयारीने रिळं खोक्यांत भरत होती.

मी जिन्यातूनच ओरडले, "मशीन लाव परत!" आणि खाली येऊन भिंतीला तळवा लावला. भिंत गुणगुणत होती. शिडीवर चढून छताला हात लावला, तेही.

"पेस्ट मऊच का म्हणाला तो?" मी यांना विचारलं.

"काय माहीत. आपली पुट्टी तर दगडासारखी बसते."

"तेच तर झालंय. छत भिंतीला जखडून ठेवलंत तुम्ही."

यांचा चेहरा इतका पडला की मला रागावताही येईना. दोघांनी मिळून पुट्टी खरवडून काढली, सुताराला बोलावून मऊ पेस्ट भरून घेतली.

दुसऱ्या दिवशी हे झोपले. मी छताखाली कान देऊन बसले. काहीच नाही. हिने पुन्हा आवराआवर सुरू केली की काय? मी तरातरा वर गेले.

धाकटी मशीनवर होती. मशीन सुसाट पळत होतं, शेजारी शिवलेल्या पडद्यांचा ढीग.

"ऐकू येतंय का खाली?" तिने घाबरून विचारलं.

माझी नजर खाली गेली. मशीनच्या पायांखाली, आवाज दबावा म्हणून, चार पदरी दुमडलेली जाड रजई होती. हिची एकुलती एक, उंदरांनी खाल्ली म्हणून सांगितलेली. ती नसल्यामुळे अख्खी थंडी ही बाई नुसती चादर पांघरून निजली होती.

मी मशीन थांबवायला लावलं, खाली वाकून रजई ओढून काढली, झटकली आणि तिच्या पलंगावर पसरली. माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

"आमच्यासाठी पुष्कळ केलंस, बाई," मी म्हटलं. "आता खाली काही ऐकू येत नाही, ऊब घेऊन झोप. आणि ती खोकी रिकामी कर."