अजून अर्धा फेरा

ज्या मनुष्याने आयुष्यभर इतरांच्या चुका निष्ठेने शोधल्या, त्याला स्वतःची चूक शोधण्यास सवडच उरत नाही. ती चूक बिचारी त्याच्याच घरात, त्याच्याच अंथरुणाशेजारी वाढते, आणि तिला आकार आला की तो ती दुसऱ्या कुणाच्या तरी पदरी बांधतो. त्यात कपट असतेच असे नाही. पुष्कळदा ती केवळ सवय असते. परंतु ज्याच्या पदरी ती बांधली जाते, त्याला या भेदाचा काही उपयोग नसतो.

मास्तरांची गोष्ट अशीच आहे. तंत्रशाळेच्या कार्यशाळेत त्यांनी एकतीस वर्षे पाना धरण्याचे शास्त्र शिकवले. विद्यार्थ्याने बोल्ट कितीही आवळला तरी मास्तर मागून येत, हाताने चाचपत आणि गंभीरपणे म्हणत, "अजून अर्धा फेरा." त्यावरून मुलांनी त्यांचे नाव 'अजून-अर्धा मास्तर' ठेवले होते. ते नाव मास्तरांच्या कानावर आले तेव्हा ते प्रसन्न झाले. त्यांना ती पदवी वाटली. कार्यशाळेतील यंत्रे जुन्या, जाड बिडाची होती. त्या बिडाने एकतीस वर्षे मास्तरांचा तो अर्धा फेरा मुकाट्याने सोसला, आणि मास्तरांनी त्या मौनाला आपल्या सिद्धान्ताचे प्रमाण मानले.

निवृत्तीनंतर सिद्धान्त चालवायला उरली ती त्यांची सव्वीस वर्षांची मोटार. गेल्या वर्षभरात तिच्या स्टार्टरने छळ मांडला होता. किल्ली फिरवली की आधी कर्रर्र असा दगड भरडल्यासारखा आवाज होई, अंगणातली चिमणी उडून जाई, आणि मग इंजिन उपकार केल्यासारखे सुरू होई. मास्तरांच्या भाचीने तो स्टार्टर वर्षात दोनदा काढून, तपासून, पुन्हा बसवला होता. दोन्ही वेळा महिन्या-दोन महिन्यांत तो सैल झाला.

भाची त्यांचीच विद्यार्थिनी. त्यांच्या वर्गात आलेली पहिली मुलगी. आता चाळिशीला आलेली, स्वतःचे छोटे गॅरेज चालवणारी, कमी बोलणारी बाई. तंत्रशाळेत कार्यशाळेच्या शिक्षकाची जागा रिकामी झाली होती आणि तिने अर्ज केला होता. प्राचार्यांनी रीतीप्रमाणे मास्तरांचे मत पत्राने मागवले होते. मागच्या चार नेमणुका मास्तरांच्या शब्दावर झाल्या होत्या. पाचवीही त्यांच्याच शब्दावर होणार किंवा मोडणार होती. उत्तर सोमवारी पोहोचायला हवे होते, आणि मास्तरांच्या मेजावरील कच्च्या मसुद्यात एक वाक्य तयार होते : "उमेदवार कष्टाळू आहे, परंतु हात अद्याप कच्चा आहे."

हे वाक्य लिहिताना त्यांना वाईट वाटले होते. सख्ख्या बहिणीची मुलगी. पण हात कच्चा तो कच्चा, सत्य ते सत्य, असे त्यांनी न्हाव्याच्या दुकानात दोघांना आणि वाचनालयात तिघांना बोलून दाखवले होते. एक गोष्ट मात्र त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती, कारण ती सांगण्याजोगी आहे असे त्यांना वाटलेच नव्हते. भाची काम करून गेली की त्याच संध्याकाळी मास्तर जुने पोते अंथरून गाडीखाली सरकत, पान्याच्या दांड्यावर हातभर लोखंडी पाइप चढवत आणि स्टार्टरच्या दोन्ही बोल्टांना अर्धा-अर्धा फेरा देत. त्यांच्या लेखी ही दुरुस्ती नव्हतीच. विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेवर गुरूने सही करावी, तसे ते होते.

रविवारी सकाळी भाची तिसऱ्यांदा आली. मास्तरांनी अंगणात खुर्ची मांडली आणि आरंभ केला. पूर्वी माणसे कशी घट्ट असत, बोल्टही कसे घट्ट असत, आणि हल्लीच्या पिढीच्या मनगटात कसे लोणी भरले आहे, हे त्यांनी क्रमवार सांगितले. भाचीने "हो मामा" म्हणत बॅटरीची वायर सोडली. मास्तर म्हणाले, आम्ही वायर न सोडता काम करत असू. ती पुन्हा "हो मामा" म्हणाली आणि जॅकवर चढवलेल्या गाडीखाली आधाराचे लोखंडी घोडे लावून आत सरकली.

पहिला बोल्ट हाताच्या चिमटीतच फिरू लागला. ती तो ओढून काढून बाहेर घेऊन आली. बोल्टभोवती चकाकणारी बारीक गुंडाळी लपेटलेली होती : आतल्या भोकाचे आटे, मुळासकट उपटून आलेले. मग तिने स्टार्टर काढला आणि मास्तरांच्या पायाशी फडक्यावर, बोल्टाशेजारी ठेवला. त्याचे दात एकाच कडेने खाल्ले गेले होते.

"पाहिलंस?" मास्तर समाधानाने म्हणाले. "सैल राहिला. वाकडा बसला, म्हणून दात घासले. मी म्हणतच होतो."

"वाकडा बसला, म्हणून घासले, हे बरोबर," ती म्हणाली. "पण सैल राहिलेल्या बोल्टाचे आटे असे सोलून निघत नाहीत, मामा. आवळून आवळून निघतात. गिअरबॉक्सचं हे तोंड ॲल्युमिनियमचं आहे, बिडाचं नाही."

मास्तरांनी तोंड उघडले. त्यांच्या मागे दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या मामींनी भाचीचे ते वाक्य त्यांच्याआधी पकडले.

"अहो, आता कळलं मला. ही पोरगी गाडी नीट करून गेली की दर वेळी तुमच्या सदऱ्याच्या पाठीला ग्रीस. मी म्हटलं, वय झालं की माणूस लोळायला लागत असेल. विचारायचं कसं?"

"मी फक्त अर्धा फेरा," मास्तर म्हणाले, आणि ते वाक्य तसेच अर्धे राहिले.

"दोनदा," भाची म्हणाली. "प्रत्येक बोल्टाला."

मामी ओले कपडे नेहमीपेक्षा जोराने झटकू लागल्या. मास्तरांनी फडक्यावरचा बोल्ट उचलला. ती गुंडाळी नखाने टोकरून पाहिली. वर्गात कुणी असा बोल्ट आणला असता तर त्यांनी त्याला सगळ्यांसमोर उभे केले असते. आपण खुर्चीवर बसलो आहोत याची त्यांना लाज वाटली. पण उभे राहण्याचे कारण सापडेना.

"तुला माहीत होतं?" त्यांनी विचारले.

"मागच्या वेळेपासून. बोल्ट मी आवळून ठेवला होता त्याच्या पुढे फिरलेला होता."

"मग बोलली का नाहीस?"

भाचीने हात पुसले. "तुम्ही एकदा वर्गात विचारलं होतं, मास्तर चुकले तर विद्यार्थ्याने काय करायचं. कुणी उत्तर दिलं नाही. तुम्ही म्हणालात, शाबास, प्रश्नच चुकीचा आहे." मग ती थांबून म्हणाली, "पत्र आलंय तुमच्याकडे, ठाऊक आहे मला. काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. पण गावात सांगता तसं हात कच्चा असं लिहू नका. गप्प राहिली असं लिहा. ते खरं आहे."

एवढे बोलून ती पुन्हा गाडीखाली गेली. आत अंधार होता. तिने दिवा मागितला नाही, पण मास्तर उठले, दिवा आणला आणि गुडघे कुरकुरत असतानाही फरशीवर बसून तो आत धरला.

फाटलेले भोक तिने ड्रिलने जरासे मोठे केले. मग तेल लावलेला टॅप त्यात धरून नवे आटे पाडायला घेतले : अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, अडकलेला कीस झटकायचा, पुन्हा अर्धा फेरा. मास्तरांच्या ओठांवर तीन वेळा सूचना आली आणि तीनही वेळा त्यांनी ती गिळली. एकदा तर त्यांना ठसका लागला. त्या आट्यांत तिने स्प्रिंगसारखी पोलादी गुंडाळी फिरवून बसवली, म्हणजे यापुढे बोल्टाला धरायला मऊ धातूऐवजी पोलाद मिळणार. दुसऱ्या भोकालाही तेच. तिने सोबत आणलेला नव्या दातांचा स्टार्टर सरळ बसला. शेवटी तिने माप लावलेला टॉर्क पाना घेतला. ठरलेला जोर भरताच पाना टक् वाजला, आणि ती थांबली.

मास्तरांचा मोकळा हात आपोआप थोडा वळला. दिवा हलला. त्यांनी तो दुसऱ्या हातात घेतला.

किल्ली मामींनी फिरवली. भरडणे नाही, खरखर नाही. इंजिन एका हाकेत सुरू झाले. मास्तरांना आनंद झाला आणि थोडे वाईटही वाटले, कारण इतक्या साधेपणाने काही सुरू होऊ शकते हे त्यांच्या एकतीस वर्षांना झोंबणारे होते.

दुपारी त्यांनी पत्र लिहायला घेतले. पहिल्या मसुद्यात दोन पाने त्यांच्या स्वतःच्या सेवेचे वर्णन होते. मामींनी ते वाचून विचारले, अर्ज तुम्ही केलाय का? दुसऱ्या मसुद्यात चूक "घडली" होती. कुणाकडून ते पत्र सांगत नव्हते. मामी कागद परत देऊन भाजी निवडायला बसल्या. तिसरे पत्र आठ ओळींचे झाले. ते असे संपत होते :

"माझ्या गाडीचे आटे मी स्वतः बिघडवले, दोष मात्र तिला दिला, आणि गावातल्या पाच माणसांना तसे सांगितलेही. त्या पाचांना मी भेटणार आहे. उमेदवाराचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. तिच्यात एक दोष आहे : वडीलधाऱ्यांची चूक ती पोटात घालते. शिक्षकाला तो दोष परवडत नाही. तो तिला माझ्या वर्गात लागला. नेमणूक करावी, म्हणजे तिला तो टाकता येईल."

सही करताना त्यांनी खाली आणखी एक ओळ जोडायला लेखणी टेकवली, क्षणभर विचार केला, आणि लेखणीला टोपण लावले. मग पाकीट खिशात घालून ते न्हाव्याच्या दुकानाकडे निघाले. तिथे रविवारी दोघेही हमखास भेटत, आणि त्या दोघांपैकी एकाची हसण्याची रीत फार वाईट होती.

त्या वाटेवर त्यांचे पाऊल न डगमगो. त्यांच्या जुन्या कार्यशाळेत उभ्या राहणाऱ्या त्या बाईला बोलण्याचे धैर्य लाभो, तिच्यासमोर बसणाऱ्यांना विचारण्याचे. आणि दोरीवरचे कपडे काढणाऱ्या त्या गृहिणीला उरलेली संध्याकाळ शांततेची जावो.