मेलेल्यांचा ट्रे

आमच्या आत्याच्या दातांच्या दवाखान्यात सुट्टीच्या दिवशी लढाया होतात. वेटिंग रूममधल्या खुर्च्या भिंतीला सरकवायच्या, दोन टेबलं जोडायची, वर हिरवी चादर अंथरायची. टेकड्या कवळीकाका बनवतात. आत्याच्या पेशंटांच्या कवळ्याही तेच बनवतात, त्यामुळे टेकड्यांना प्लास्टर तेच. एका टेकडीला तर चक्क अक्कलदाढेचा आकार आलाय. या टेकड्यांमधून आमचे बोटाच्या पेराएवढे, हाताने रंगवलेले सैनिक एकमेकांवर चालून जातात. अंतर पट्टीने मोजायचं, नेम लागला की नाही ते फाशांनी ठरवायचं. जो मेला तो स्टीलच्या ट्रेमध्ये. उपटलेले दात टाकायचा ट्रे! (उकळून घेतलाय. मी खात्री केली आहे.)

पुढच्या महिन्यात आमचा दुसऱ्या एका ग्रुपशी सामना आहे. टीम तिघांची: आत्या, कवळीकाका आणि माझा दादा. दर वेळी दादाच. मी मागून सैनिकांचे डबे उचलणारी. पण यंदा मी जेवता जेवता म्हणून टाकलं, "तिसरी मी!" आणि स्वतःच्याच आवाजाने दचकले. कारण परवापरवापर्यंत मी दादाला विचारल्याशिवाय एक सैनिक हलवत नव्हते.

दादाला ठसका लागला. "तू? अगं, मागच्या वेळी तुझं अख्खं सैन्य ट्रेमध्ये झोपलं होतं."

"मग खेळा दोघं," आत्या म्हणाली. "जिंकेल तो टीममध्ये. पण मोहिमेचं कार्ड मी काढणार."

साध्या डावात समोरच्याचे जास्त सैनिक मारायचे, झालं. त्यात दादाचा हात कोणी धरू शकत नाही. त्याच्या तोफांपुढे माझे पायदळवाले म्हणजे दिवाणखान्यातले पाहुणे. पण मोहिमेचं कार्ड निघालं की त्या डावापुरते नियमच बदलतात.

आत्याने कार्ड काढलं, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि पेशंटला पथ्यं सांगावीत तसं वाचलं. "कोरड्या विहिरी. टेबलावर तीन विहिरी. एक दादाच्या कडेला, एक मध्ये, एक हिच्या कडेला. फेरी संपताना विहिरीपाशी ज्याचे सैनिक जास्त, त्याला एक गुण. सैनिक मारल्याबद्दल काही नाही. मेलेला सैनिक पुढच्या फेरीत आपल्या कडेवरून परत येतो. आणि पाचव्या फेरीच्या सुरुवातीला फासा टाकायचा. शेवटच्या, सहाव्या फेरीत पाणी एकाच विहिरीला. कुठल्या, ते फासा सांगेल. तिचे तीन गुण."

"कळलं, कळलं," दादा म्हणाला. तो तोवर तोफा मांडत होता.

सुरुवात मात्र माझी झकास झाली. बारा जणांची तुकडी मी अक्कलदाढेच्या आडून, तोफांच्या नजरेला न पडता, थेट दादाच्या विहिरीपाशी नेली.

"घरात शिरली की हो तुमच्या!" कवळीकाका खूश झाले.

"शिरू दे. बाहेर कशी पडते बघतो," दादा म्हणाला आणि त्याने घोडेस्वार सोडले. मधली विहीर गेली. मग माझी पण गेली. पाचवी फेरी आली तेव्हा तो एका गुणाने पुढे होता.

आत्याने फासा टाकला. पाणी निघालं माझ्या कडेच्या विहिरीला! मी टाळी वाजवायला हात उचलले आणि तसेच खाली आणले. विहीर माझ्या कडेला, तिच्याभोवती दादाचे पाच घोडेस्वार, आणि माझे बाराही शूरवीर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. पायी परत यायला त्यांना चार फेऱ्या लागल्या असत्या. उरल्या होत्या दोन.

"अरेरे," दादा म्हणाला. "डबे नीट उचल हं सामन्याला. माझ्या तोफांचा रंग उडतो."

जुनी मी असते तर इथेच म्हणाले असते, दादा, आता काय करू रे? शब्द अगदी जिभेच्या टोकापर्यंत आलेही होते. तेवढ्यात दादाने उगाचच तो ट्रे टेबलाच्या कडेला सरकवला, टण्‌ आवाज झाला, आणि माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख पेटलं.

चालत कशाला जायचं?

मी बाराच्या बारा सैनिक टेकडीआडून काढले आणि तोफांच्या समोर, विहिरीपाशीच पण उघड्यावर, ओळीने उभे केले. शाळेच्या प्रार्थनेला उभे राहतात तसे.

दादा माझ्याकडे बघतच राहिला. "अगं वेडे, आडोशाला राहा ना! अजून मागे घे, चालेल मला." तो मनापासून सांगत होता. हेच तर त्याचं वाईट आहे, तो चांगला आहे.

"नाही घेणार."

"सगळे मरतील."

"मरू देत. माझे आहेत."

आत्या अचानक चष्मा पुसायला लागली. दादाने खांदे उडवले, पण समोर ओळीत बारा सैनिक दिसल्यावर त्याचे हात शिवशिवले नसते तर तो माझा दादा कसला! फासे खुळखुळले. धडाड! चार गेले. धडाड! आणखी सहा. तो एकेकाला उचलून ट्रेमध्ये टाकत होता, टण्‌, टण्‌, आणि सवयीने मोठ्याने मोजत होता. "दहा! दहा गं!" मला वाटलं, या फेरीला मधली विहीर माझी नाही, त्याच्या कडेची नाही, माझ्या कडेचीही नाही. तिन्ही गुण त्याचे. आता तो चार गुणांनी पुढे... छे! माझा चेहरा खरंच पडला. शेवटच्या विहिरीच्या तीन गुणांनी काय होणार?

"थांब," आत्या म्हणाली. "मधल्या विहिरीपाशी आता कोण आहे?"

कोणीच नव्हतं. घोडेस्वार सगळे माझ्या विहिरीवर होते. आणि दादाच्या विहिरीपाशी माझे उरलेले दोघे, त्याचा एकही नाही. तोफा टेकडीवर ना! म्हणजे त्याला एक, मला एक. तो अजून एकाच गुणाने पुढे.

मी ट्रे माझ्याकडे ओढला. "हे माझे. परत आले."

दहाच्या दहा सैनिक मी माझ्या कडेवर मांडले. विहीर तिथून दोन पावलांवर. दादाच्या तोफा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, तिथून इथवर गोळा पोचत नाही. दादाचं तोंड उघडं ते उघडंच.

"आ करून बसलाच आहेस तर तपासून घेते," आत्या म्हणाली.

घोडेस्वार जिवावर उदार होऊन लढले. तिघांना मारलं त्यांनी. माझे उरले सात, त्याचे पाच. तीन गुण माझे. दोन गुणांनी जिंकले!

मी खुर्चीवर चढून नाचले. कवळीकाकांनी डबा वाजवला. दादा मात्र रिकाम्या ट्रेकडे बघत होता. मला वाटलं, आता रुसणार.

"म्हणजे मीच तुझ्या पोरांना घरी सोडून आलो," तो हळूच म्हणाला. "फुकटात." आणि स्वतःच फिस्सकन हसला. "आत्या, कार्ड दे. परत वाचायचंय. अगं, लाव परत! टीममध्ये तूच, पण हे मला जमलंच पाहिजे."

दुसऱ्या डावात पाचव्या फेरीला त्याने आपले सैनिक माझ्या बंदुकांसमोर आणून ओळीने उभे केले.

"मार ना," दादा म्हणाला. "मार गं, बघतेस काय!"

मी फासे खाली ठेवले आणि ट्रे उचलून मांडीवर घेतला.